बयचं कुलूप

आमच्या संस्थेत सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणत. संचालिका ताई, कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली समुपदेशक ताई, गाडी चालवणारा दादा. मावशी फक्त दोघी होत्या: खिचडी करणारी आणि मी. माझ्या नेमणूकपत्रावर ‘समन्वयक’ असं लिहिलं होतं. जागा बघणं, सामान आणणं, दुरुस्त्या करून घेणं हे माझं काम. पण पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, “मावशी, इथे चहा कुठे मिळतो?” आणि तेच चिकटलं. मी एकदोनदा बोलून बघितलं. सगळ्या गोड हसल्या. “अहो, मावशी म्हणजे किती जवळचं वाटतं!” एवढं जवळचं असेल तर संचालिकेला म्हणा की.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की बाईने रागाने लिहिलंय. रागानेच लिहिलंय.

मी कल्याणात कपड्यांचं दुकान चालवलेली बाई. नवरा गेला तेव्हा पदरात एक मुलगा आणि हातात परकरांचा एक गठ्ठा होता. दारोदार हिंडून परकर विकले, मग स्टेशनबाहेर बसले, मग गाळा घेतला. घाऊक बाजारातले व्यापारी मला बघून चहा मागवायचे, कारण त्यांना माहीत असायचं की ही आता तासभर हलत नाही. पुढे दुकान मुलाने आणि सुनेने हातात घेतलं आणि मला सांगितलं, “आई, तुम्ही आता आराम करा.” शहाडच्या घरात आराम करून माझे गुडघे आणि डोकं दोन्ही धरली. संचालिका ताई माझी जुनी गिऱ्हाईक. डोंबिवलीची, शिकलेली, मनाने चांगली, हे मी आजही म्हणेन. ती म्हणाली, “तुमच्यासारखं बोलणारं माणूस हवंय आम्हाला. येता का?” मी गेले.

संस्थेचं काम असं: ऑफिस डोंबिवलीत, तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये. कल्याणात आठवड्यातून काही दिवस भांडणाऱ्या नवरा-बायकोंना समोरासमोर बसवायचं. आणि ठाण्यात, कोलशेतला, पाळणाघर. तिथे टॉवर उभे राहिलेत, त्यात झाडू-लादी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पोरांना दिवसभर सांभाळायचं. त्यांची नखं कापायची, उवा काढायच्या, खिचडी भरवायची, झोपवायचं. ऐकायला सोपं वाटतं. एका खोलीत पंचवीस-तीस पोरं एकाच वेळी रडायला लागली की घाऊक बाजार बरा वाटतो.

पोरांसाठी कपडे दान यायचे. त्याबद्दल मला बोलायलाच हवं, कपड्यांतलं मला कळतं. टॉवरमधल्या बायका पिशव्या भरभरून पाठवायच्या. आत वाढदिवसाचे जाळीचे झगे, चेन तुटलेले. लोकरीचे कोट, ठाण्यात. रोज घालायची एक साधी सुती चड्डी नाही. माझ्या गाळ्यावर कोणी असला माल आणला असता तर मी तो रस्त्यावर फेकला असता. इथे मात्र देणाऱ्याचा फोटो काढायचा आणि आभार मानायचे. मी ते झगे उसवून अस्तराच्या चड्ड्या शिवून घेतल्या. त्यावर संचालिका ताई म्हणाली, “देणाऱ्यांना वाईट वाटेल, मावशी.” देणाऱ्याला काय वाटेल, याचीच तिथे सगळ्यांना काळजी. घेणाऱ्याला काय वाटतं, ते कोणी विचारत नसे. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

पाळणाघराची खोली मी मिळवलेली. कोलशेत गावातलं एक जुनं आगरी घर. पूर्वी त्यांची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता जमिनीवर इमारती आहेत आणि मुलांच्या गाड्या अंगणात उभ्या असतात. घराची मालकीण एक म्हातारी. सगळं घर तिला ‘बय’ म्हणायचं, आईला त्यांच्यात तसं म्हणतात. मग गावही बय म्हणायचं, मीही म्हणायला लागले. बय गावची धवलारीण. म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, म्हणणारी. तिने गाणं धरल्याशिवाय त्या गावात नवऱ्या मुलाला हळद लागत नाही. नवरा जाऊन जमाना झाला, तरी प्रत्येक मांडवात पहिलं बोलावणं तिलाच. घरात चार मुलगे, चार सुना. कोणती भाजी करायची इथपासून कोणती जमीन द्यायची इथपर्यंत सगळं तीच ठरवायची.

मी खोली मागायला गेले तेव्हा ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मीही समोर बसले आणि निवडायला लागले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “कशाला आलंस ता बोल.” मी सांगितलं.

“आमचे घरान पोरां खेलतीन, त्याचा कसला भारा घ्यायचा?”

मी म्हटलं, “भाडं घ्या, बय. फुकट दिलेली जागा कोणी कधीही काढून घेतं.”

ती हसली. “तू लय पक्की हायस.”

शेवटी भाडं नाहीच घेतलं. विजेचं बिल आमचं, चुना-रंग आमचा, आणि दुपारी पोरं झोपतात तेव्हा अंगणात गाड्या लावायच्या नाहीत, हे तिने स्वतः मुलांना बजावलं. फुकटची जागा माझ्या मनाला लागून राहिली. पण तिच्यापुढे माझं चाललं नाही.

त्या पाळणाघरात लातूरकडच्या एका बाईची अडीच-तीन वर्षांची मुलगी होती. बाई टॉवरमध्ये जिने पुसायची. नवरा वारलेला. गावाकडे दीर आणि जाऊ, त्यांना मूल नाही. त्यांचा निरोपावर निरोप: लेकरू आम्हाला दे, आम्ही वाढवतो, तू तुझं कमव. ती मला सांगायची, “न्यायला यायलेत म्हणतेत, मावशी. एकदा नेलं की माझं नाही राहायचं ते. जाऊबाईला आई म्हणंल.” त्यांना तोंड द्यायला तिच्याकडे एकच उत्तर होतं: माझी मुलगी दिवसभर चांगल्या ठिकाणी असते, चांगलं खाते, मला कोणाची गरज नाही. ते चांगलं ठिकाण म्हणजे बयची खोली.

दिवाळीनंतर पाळणाघराचा वाढदिवस करायचं ठरलं. देणगी देणाऱ्या कंपनीचे लोक येणार, कॅमेरे येणार. अंगणात मांडव, माइक, खुर्च्या. ते सगळं मीच आणलं. आदल्या दिवशी ऑफिसात समुपदेशक ताई मला उत्साहाने म्हणाली, “मावशी, उद्या आपण आजींना स्टेजवर बोलावून हळदी-कुंकू लावणार आहोत. विधवा बाईला तिचा मान परत द्यायचा. एक मेसेज जाईल.”

मी विचारलं, “बयला विचारलंय का?”

“विचारलं तर सरप्राइज कसलं?”

मी संचालिका ताईच्या खोलीत गेले. तिथे बैठक चालू होती. मी दारातूनच म्हटलं, “हे करू नका. आधी विचारा तिला.” संचालिका ताई हात वर करून म्हणाली, “मावशी, आपण नंतर बोलू का? ही कार्यक्रमाची मीटिंग आहे.” नंतर कोणी बोललं नाही. मला खुर्च्यांचा टेम्पो गाठायचा होता.

आता कोणी म्हणेल, मी जुन्या विचारांची. मी स्वतः नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी टिकली लावून परकर विकायला बाहेर पडलेली. कोणाला विचारलं नाही आणि कोणाला विचारू दिलं नाही. पण ते माझं कपाळ होतं.

कार्यक्रमात काय झालं, ते मी मांडवाच्या मागून बघितलं, कारण मी वडे-समोसे मोजत उभी होते. बय नऊवारी नेसून पुढच्या खुर्चीवर बसलेली, मागे सगळा गोतावळा. समुपदेशक ताईने माइक घेतला. “समाजाने ज्यांना आजवर मान नाकारला, अशा एका आजींना आज आपण तो मान देणार आहोत.” टाळ्या झाल्या. दोघींनी बयला हाताला धरून उठवलं. संचालिका ताईने कुंकू लावलं. कॅमेऱ्यांचे दिवे चमकले. बय ताठ उभी राहिली. पण तिच्या थोरल्या सुनेने मान खाली घातली, आणि मागे बसलेल्या भावकीत कुजबुज सुरू झाली. बय खाली उतरली, सरळ घरात गेली. जेवायलाही बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीला कुलूप. आमच्या कुलपावर आणखी एक, मोठं, नवं. बायका पोरांना कडेवर घेऊन अंगणात उभ्या, कामाची वेळ टळत चाललेली. लातूरची बाई मला म्हणाली, “आता मी हिला कुठं ठेवू?”

ऑफिसात कोणालाच कळेना. समुपदेशक ताई रडली. “आपण तर त्यांचा सन्मान केला!” संचालिका ताई म्हणाली, “घरच्या पुरुषांना आवडलं नसेल. पितृसत्ता असते, मावशी.” मग त्या दोघी फुलांचा गुच्छ घेऊन बयकडे गेल्या. धाकट्या सुनेने गुच्छ घेतला, पाणी दिलं आणि बय झोपली आहे असं सांगितलं. सकाळचे अकरा वाजलेले. ती बाई पहाटे चारला उठणारी.

मग मी गेले. बय ओट्यावर होती. मी बसले. यावेळी सुकट नव्हती, दोघींचेही हात रिकामे. चहा आला, तो प्यायला. मी काहीच विचारलं नाही. सौद्यात जो आधी बोलतो त्याचं नुकसान होतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. शेवटी तीच भडकली.

“माजे दारान, माजे पोरांचे म्होरं, माइकवर सांगितलान, का मना मान नव्हता! मना? माजे गान्याबिगर या गावान हलद लागंत नाय. माजे सुना तोंड लपवून बसल्यान. लोका इचारतान, तुमी बयला छलता का रं? आन ती कालची पोर मना मान देते!”

“तुमचं खरंय.”

“खरा हाय तं जा. खोली नाय मिलनार.”

“पोरांचं काय, बय?”

तिने कपबशी बाजूला सारली. मग म्हणाली, “पोरांचा मना वाईट वाटतंय. पन कुलूप मी लावलाय. तुजे ताईनं यावा, याच मांडवान माइक घ्यावा, आन बोलावा का चुकला.”

मी डोंबिवलीला येऊन तेच सांगितलं. संचालिका ताई म्हणाली, “झालं त्याबद्दल मी खासगीत माफी मागेन. पण माइकवर नाही. विधवेला कुंकू लावलं ही चूक झाली, असं मी जाहीर कसं म्हणू? आपलं तत्त्वच सोडल्यासारखं होईल.” खरं सांगायचं तर तिचंही मला पटलं. म्हणूनच सौदा अवघड होता. दोघींपैकी एकही खोटं बोलत नव्हती.

यात आठवडे गेले. मी शहाडहून ठाणे, ठाण्याहून बसने कोलशेत, परत डोंबिवली, अशी फिरत राहिले. गुडघ्यांना तेल लावायचं आणि निघायचं. काही बायकांनी काम सोडलं. काहींनी थोरल्या मुलीला शाळेतून काढून धाकट्याजवळ बसवलं. लातूरची बाई मुलीला टॉवरच्या मीटरच्या खोलीत बसवून जिने पुसायची. सुपरवायझरने ते पाहिलं, तिला दम दिला. ही बातमी कोणीतरी गावी पोचवली, आणि दीर हजर झाला.

मी टॉवरच्या गेटवर पोचले तेव्हा तो मुलीला कडेवर घेऊन उभा होता आणि बाई त्याच्या शर्टाची बाही धरून होती. माणूस वाईट नव्हता. मुलीला त्याने बिस्किटाचा पुडा दिलेला, ती खात होती.

“मीटरच्या खोलीत ठेवलेलं लेकरू, मावशी,” तो मला म्हणाला. “शॉक बसून मेलं असतं म्हंजे?”

मी म्हटलं, “बरोबर बोलताय. न्या.”

बाई माझ्याकडे बघतच राहिली.

“पण आत्ता तुमच्या गावची जत्रा तोंडावर आलीय ना, ही सांगत होती? घरात पाहुणे, बायको स्वयंपाकात. नवं लेकरू त्या गर्दीत रडून आजारी पडेल. मग लोक म्हणतील, आईपासून तोडलं म्हणून आजारी पडलं. जत्रा होऊ द्या. मग या, मी स्वतः हिचे कपडे बांधून देते.”

त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “जत्रेनंतर देणार का पण नक्की?”

“तेव्हाही ही मीटरच्या खोलीत असेल तर न्या. खोली उघडलेली असेल तर मात्र ठेवा. बोला.”

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्याने मुलगी आईकडे दिली. बाई मला म्हणाली, “आन् खोली नाही उघडली तर?” मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. उत्तर नसलं की मी ओरडते.

त्याच दिवसांत बयच्या नातवाचं लग्न निघालं. अंगणात परत मांडव पडत होता, आणि तो बघताना मला सुचलं. आम्ही तिला मान ‘द्यायला’ गेलो, तिथेच फिसकटलं. आयुष्यभर देत आलेल्या बाईला आम्ही घेणारी केलं. मग आता तिला देऊ द्या.

मी बयला म्हटलं, “आमची ताई हळदीला येईल. माइकवर काही बोलणार नाही. तुम्ही सगळ्या भावकीसमोर तिला साडी-नारळ द्या. ती वाकून पदरात घेईल. कोण देणारं आणि कोण घेणारं, ते सगळ्यांना दिसेल.”

बयने डोळे बारीक केले. “वाकंल?”

“वाकेल.”

“साडी मी काढनार. भारीची.”

“काढा.”

आता दुसरी बाजू. ऑफिसात बैठक चालू होती, पण यावेळी मी आत जाऊन खुर्ची ओढून बसले. सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले आणि लगेच संचालिका ताई म्हणाली, “एक अडचण आहे. लाभार्थी समुदायाकडून भेटवस्तू स्वीकारणं आपल्या धोरणात बसत नाही.”

मग मात्र माझा तोल गेला. “तिने तुम्हाला घर दिलं ते बसलं धोरणात? वर्षभर फुकट? तिच्या अंगणात तिलाच लाचार ठरवलंत, ते बसलं? तुम्हाला फक्त द्यायची सवय लागलीय, ताई. कोणापुढे हात पसरायची वेळ आली की तुमचं धोरण आडवं येतं. मी आयुष्यभर पसरलेत, काही होत नाही, गळून पडत नाहीत!”

 समुपदेशक ताई माझ्यासाठी पाणी आणायला उठली. संचालिका ताई पेन खाली ठेवत म्हणाली, “साडी नेसून यावं लागेल ना?”

“पदर हवा,” मी म्हटलं.

ती आली. दिवेलागणीची वेळ, मांडवात बायका दाटीवाटीने बसलेल्या, बय मधोमध, आवाज खणखणीत. एक धवला संपवून ती थांबली, नुसता हात केला. संचालिका ताई पुढे गेली, वाकली, पदर पसरला. बयने साडी ठेवली, नारळ ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आमचे दारची पाहुनी हाय. रिकामी नाय जावाची.” मग पुढचं गाणं धरलं. एवढंच. संचालिका ताईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. फोटोही निघाला. त्यात मी नाही, कारण तिची पर्स आणि मोबाइल धरून मी खांबाआड उभी होते.

लग्न पार पडल्यावर कुलूप निघालं. जत्रा संपवून दीर आला तेव्हा लातूरच्या बाईची मुलगी बयच्या अंगणात ताटलीतला भात खात होती. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावरून बय म्हणाली, “कंची पोर न्याला आलास रं? आमचे घरानच्या पोरी आमी अशा देत नाय. बस, जेव, मंग जा.” तो जेवला. खोलीत डोकावला, पंखा बघितला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. बाईने त्याला बसपर्यंत पोचवलं.

उन्हाळ्यात संस्थेचा वार्षिक मेळावा झाला. संचालिका ताईने ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली. ‘समुदायाकडून आम्ही घ्यायला शिकलो,’ असं म्हणाली, आणि चांगलं बोलली. “आमच्या टीमने” असा शब्द दोन-तीनदा आला. मग लातूरच्या बाईला वर बोलावलं. तिने संचालिका ताईचे पाय धरले. म्हणाली, “ताईंमुळं माझं लेकरू माझ्याकडं राहिलं.” मी मागे पाण्याचे जार बदलून घेत होते. तिला दोष कसा देऊ? तिला जे दिसलं ते ती बोलली. पण ज्यांना सगळं माहीत होतं, त्या चार-पाच ताया तिथेच बसल्या होत्या, आणि एकीनेही मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. ते मी विसरलेले नाही, विसरायचा विचारही नाही.

दुसऱ्या वर्षाचा करार संपला. वाढवायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुडघे चालत नाहीत. तेही खरंच होतं.

शेवटच्या दिवशी कोलशेतला गेले. आमच्या कुलपाची किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्या कमरेला होती, ती मी बयच्या हातात दिली. डोंबिवलीला न विचारता. तिने ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि सुकटीची पुडी माझ्या पिशवीत घातली. मीही मुकाट्याने घेतली.

बाहेर पडताना लातूरची बाई भेटली, कामावरून येत होती. दमलेली, मीही दमलेली. मी जाते म्हटल्यावर तिने एकच विचारलं, “उद्या सकाळी दार कोण उघडणार?”

“बय,” मी म्हटलं. “ती चारलाच उठते.”

“मग बरंय,” ती म्हणाली, आणि मुलीला घ्यायला आत गेली.